दहा खून आणि दोन आडनावं

पुण्यात साठीच्या पुढे गेलेल्या कुणालाही 'जक्कल' एवढा एकच शब्द ऐकवा. पुढचं तो माणूस आपणहून सांगू लागतो. टिळक रस्त्यावरचं अभिनव कला महाविद्यालय, नायलॉनची दोरी, भांडारकर रस्त्यावरचा बंगला, संध्याकाळी सातलाच ओस पडणाऱ्या पेठा. मग त्यालाच विचारावं, की एकंदर खून किती झाले? कुणी सात सांगतं, कुणी आठ. मी हा प्रश्न पुष्कळांना विचारून पाहिला आहे. बरोबर आकडा सांगणारे थोडेच भेटले. जानेवारी १९७६ ते मार्च १९७७ या चौदा महिन्यांत दहा माणसं मारली गेली.

आकडा चुकतो तो स्मरणशक्तीच्या दोषामुळे नव्हे. या प्रकरणाला जे नाव पडलं, ते 'जोशी-अभ्यंकर खून खटला'. विजयनगर कॉलनीतल्या जोशींच्या घरातले तिघं आणि अभ्यंकर कुटुंबातले चौघं, असे सात जण या नावात बसतात. पहिला बळी ठरलेला, मारेकऱ्यांच्याच ओळखीतला हेगडे हा तरुण त्यात नाही. शेवटचा बळी ठरलेला गोखले नाही. आणि अभ्यंकरांच्या घरी कामाला असलेली बाई, जिचा त्याच रात्री त्याच घरात खून झाला, तीही नाही. तिचं नाव खटल्याच्या कागदपत्रांत आहे. पुणेकरांच्या तोंडी ते कधी बसलं नाही. मथळ्याला जागा कमी असते आणि दोन आडनावं त्यात छान मावतात. पन्नास वर्षांपूर्वी केलेली ती काटकसर आजही आपल्या आठवणीचा आकार ठरवते आहे.

गुन्ह्यांच्या बातम्या, चित्रपट, मालिका यांचा विषय निघाला की चर्चा बहुधा एकाच दिशेने जाते. हे सगळं पाहून, वाचून पोरं बिघडतात का? गुन्हेगार त्यातून शिकतात का? प्रश्न चुकीचा नाही. पण तो जुना आहे आणि पुण्यात तर तो फारच जुना आहे. इथे तो सरकारी वकिलाच्या तोंडून भर न्यायालयात विचारला गेला आहे.

साल १८९७. प्लेगचं. १५ जूनच्या 'केसरी'त शिवाजी उत्सवासंबंधी मजकूर आला. त्यात अफझलखानाच्या वधाचं समर्थन होतं. बरोबर एका आठवड्याने, २२ जूनच्या रात्री, राणीच्या हीरक महोत्सवाचा समारंभ आटोपून परतताना गणेशखिंड रस्त्यावर रँड आणि आयर्स्ट यांच्यावर गोळ्या झाडल्या गेल्या. आज चापेकर बंधू आपल्याला क्रांतिकारक म्हणून वंदनीय आहेत. पण सरकारच्या दप्तरी तो खुनाचाच मामला होता, आणि सरकारला आठवड्याभराचं हे अंतर फार बोलकं वाटलं. आधी लेख, मग खून. २७ जुलैला टिळकांना अटक झाली.

खटला चालला तो मात्र खुनाला चिथावणी दिल्याचा नव्हता. राजद्रोहाचा, म्हणजे १२४ अ कलमाखालचा होता. हा फरक लहान नाही. लेख आणि गोळी यांच्यामध्ये धागा दाखवायचा तर पुरावा लागतो. 'सरकारविषयी अप्रीती' दाखवायला लेख पुरतो. न्यायमूर्ती स्ट्रॅची यांनी 'अप्रीती' म्हणजे प्रीतीचा अभाव असा अर्थ ज्यूरीला समजावून सांगितला. सहा युरोपियन ज्यूरर टिळक दोषी म्हणाले, तिघे हिंदी निर्दोष म्हणाले. शिक्षा दीड वर्षाची झाली. वाचकांना अकरा वर्षांनंतरची पुढची फेरीही ठाऊक असेल. मुजफ्फरपूरला बाँब पडला, वृत्तपत्रांच्या चिथावणीला आळा घालणारा आणि छापखाने जप्त करण्याची मुभा देणारा कायदा जून १९०८ मध्ये झाला, आणि 'केसरी'च्या लेखांवरून टिळकांना सहा वर्षं मंडालेला जावं लागलं. बाँब कशामुळे येतो, सरकारच्या हट्टी कारभारामुळे की वर्तमानपत्रांतल्या लेखांमुळे, हाच त्या सगळ्या वादाचा गाभा होता. म्हणजे ज्याच्या हातात सत्ता आहे, त्याला छापील अक्षराला दोष देणं सोयीचं जातं. मला वाटतं, हा विषय बोलताना एवढा इतिहास तरी मनात असावा.

याचा अर्थ अनुकरण होतच नाही असा नाही. त्याच सुमारास फ्रान्समध्ये गाब्रिएल तार्द नावाचे एक न्यायाधीश अनुकरण हेच समाजाचं मूळ सूत्र आहे, असं मांडत होते. १८९० मध्ये त्यांचा ग्रंथ आला. १८८८ मधल्या लंडनच्या 'जॅक द रिपर'च्या बातम्या गाजल्यावर तशाच तऱ्हेची कृत्यं अन्यत्र होऊ लागली, हे त्यांचं एक लाडकं उदाहरण. पुढे १९७४ मध्ये डेव्हिड फिलिप्स या अमेरिकन समाजशास्त्रज्ञाने आकडेवारी मांडून दाखवलं, की पहिल्या पानावर आत्महत्येची ठळक बातमी आली की त्यानंतर आत्महत्यांची संख्या वाढते. हा निष्कर्ष टिकला. म्हणून तर जागतिक आरोग्य संघटनेने आत्महत्येची बातमी कशी द्यावी, पद्धतीचं वर्णन कसं टाळावं, याच्या सूचना २००० मध्ये काढल्या. खुनाच्या बाबतीत मात्र इतकं स्वच्छ गणित कुणाला मांडता आलेलं नाही. आत्महत्या करणारा बहुधा आधीच कड्याच्या टोकाशी उभा असतो. बातमी त्याला धक्का देऊ शकते. दुसऱ्याचा जीव घ्यायला निघालेल्या माणसाचा प्रवास निराळ्या वाटेने होत असतो.

आपल्याकडे तर याचा एक मोठा प्रयोग घरोघरी झाला आहे, कुणी त्याला प्रयोग म्हटलं नाही एवढंच. बाबूराव अर्नाळकरांनी हजारावर रहस्यकथा लिहिल्या. काळापहाड, झुंझार. वडीलधाऱ्यांच्या मते ती पोरांना वाया घालवणारी पुस्तकं. अभ्यासाच्या वहीत लपवून ती वाचणाऱ्या पिढ्याच्या पिढ्या पुढे टपाल खात्यात, बँकांत आणि शाळांत नोकऱ्या करून पेन्शनीत निघाल्या. तिजोरी फोडायला कुणी गेल्याचं ऐकिवात नाही.

तेव्हा पुन्हा १९७६ कडे येऊ. बातमी गुन्हेगाराला चेतवते का, हे ताडून पाहण्यासाठी या प्रकरणातल्या तारखा एकापुढे एक मांडल्या तर जे दिसतं ते विचारात पाडणारं आहे.

पहिला खून जानेवारी १९७६ मध्ये. महाविद्यालयाच्या मागे वडिलांचं हॉटेल असलेल्या हेगडेला मारेकऱ्यांनी गोड बोलून नेलं, आपण घर सोडून जात आहोत अशी चिठ्ठी त्याच्याकडून लिहवून घेतली, खून केला आणि प्रेत पिंपात घालून सारसबागेजवळच्या तळ्यात टाकलं. वडिलांकडे खंडणीची मागणी केली. जगाच्या लेखी हा बेपत्ता मुलगा होता. खून झाला हेच कुणाला ठाऊक नव्हतं, म्हणून बातमी नाही, मथळा नाही, गाजावाजा नाही. जक्कल आणि त्याच्या साथीदारांनी हे पहिलं पाऊल टाकलं तेव्हा त्यांच्यापुढे कीर्तीचा मोह नव्हता. पैशाचा होता.

त्यानंतर साडेनऊ महिने शांतता. ३१ ऑक्टोबरला विजयनगर कॉलनीत जोशी पती-पत्नी आणि त्यांचा मुलगा. आता मात्र शहर हादरलं. पुढचा प्रयत्न बावीस दिवसांनी, शंकरशेट रस्त्यावरच्या एका बंगल्यावर, तो फसला. मग आणखी नऊ दिवसांनी, १ डिसेंबरला, भांडारकर रस्त्यावर अभ्यंकरांच्या घरी पाच खून.

साडेनऊ महिने, मग बावीस दिवस, मग नऊ दिवस. बातमीमुळे गुन्हेगार चेकाळतात असं मानणाऱ्याला याहून चांगला पुरावा कुठला हवा? बातम्या आल्या आणि वेग वाढला! पण तारखा इथे थांबत नाहीत. अभ्यंकरांच्या घरातल्या खुनांनंतर गाजावाजा शिगेला पोचला, पोलीस रात्रंदिवस रस्त्यावर आले, शहरात दुसरा विषय उरला नाही. तेव्हा याच मंडळींनी एकशे बारा दिवस काही केलं नाही. म्हणजे तीच प्रसिद्धी एकदा वेग वाढवते आणि एकदा थोपवते, असं म्हणावं लागेल. मला विचाराल तर पहिल्या वेळी वेग वाढला तो पकडलं न गेल्यामुळे, आणि नंतर मंदावला तो पकडलं जाण्याच्या भीतीमुळे. छापलेल्या बातमीचा त्यात वाटा असेलही, पण पोलिसांच्या गस्तीपेक्षा अधिक नसावा.

शेवटचा खून २३ मार्च १९७७ चा. या तारखेला वेगळंच महत्त्व आहे. दोन दिवस आधी, २१ मार्चला आणीबाणी उठली होती. दुसऱ्या दिवशी, २४ मार्चला, दिल्लीत मोरारजी देसाईंचा शपथविधी झाला आणि इथे बंडगार्डनजवळ नदीत शिडीला बांधलेलं प्रेत वर आलं. दोरी नायलॉनचीच. सहायक आयुक्त मधुसूदन हुल्याळकर यांच्या पथकाने मित्रमंडळींना बोलावून विचारपूस सुरू केली, चौघांच्या हकिगती एकमेकींशी जुळेनात, आणि महिना संपायच्या आत सगळे गजाआड झाले. पाचवा वर्गमित्र माफीचा साक्षीदार झाला. १९७८ मध्ये सत्र न्यायालयाने चौघांना फाशी सुनावली आणि २७ नोव्हेंबर १९८३ रोजी येरवड्यात ती अमलात आली.

शेवटचा खून वगळता बाकी सगळे खून आणीबाणीत घडले, हे आपण विसरतो. वृत्तपत्रांवर पूर्वतपासणीची कात्री होती. राजकारणाच्या बातम्या म्हणजे सरकारी निवेदनं. अशा दिवसांत खुनाची बातमी हीच एक बातमी अशी होती, की जी वाचून चारचौघांत मोकळेपणाने बोलता येई. आमच्या सदाशिव पेठेतल्या वाड्यात एक वर्तमानपत्र चार बिऱ्हाडांत फिरायचं. मी तेव्हा शाळेत होतो. एकजण मोठ्याने वाचायचा आणि बाकीचे त्यात भर घालायचे. ते दूधवाल्याच्या वेषात येतात. ते आधी वर्गणी मागायला येऊन घर हेरून जातात. छापलेल्या दहा ओळींतून संध्याकाळपर्यंत शंभर ओळी तयार होत. दिंडी दरवाजा, जो मी जन्मल्यापासून रात्री दहापर्यंत उघडा पाहिला होता, तो दिवेलागणीलाच बंद होऊ लागला. आजोबांनी त्याला आतून लोखंडी अडणा लावून घेतला. खून थांबले, मारेकरी पकडले गेले, पण अडणा वाडा पाडेपर्यंत तसाच होता.

त्याच वर्षी, १९७६ मध्ये, अमेरिकेत जॉर्ज गर्बनर आणि लॅरी ग्रॉस यांनी एक निबंध प्रसिद्ध केला. दूरचित्रवाणी फार पाहणाऱ्यांना जग प्रत्यक्षात आहे त्यापेक्षा जास्त धोक्याचं वाटतं, असा त्यांचा निष्कर्ष होता. हिंसा पाहून प्रेक्षक हिंसक होतो का, हा प्रश्न बाजूला ठेवून त्यांनी विचारलं, की प्रेक्षक घाबरट होतो का? पुण्यात तेव्हा टीव्हीचे संच मोजकेच, सिंहगडावरच्या केंद्रामुळे मुंबईचे कार्यक्रम दिसायचे तेवढेच. तरी आमच्या वाड्याने गर्बनरसाहेबांचा सिद्धांत नुसत्या वर्तमानपत्रावर आणि तोंडातोंडीवर सिद्ध करून दाखवला. भीती खोटी नव्हती. खून खरेच होत होते. पण ती भीती गुन्ह्याच्या मापाने शिवलेली नव्हती. ती ऐकीव मजकुराच्या मापाने शिवलेली होती.

गुन्ह्याची बातमी गुन्हेगारापेक्षा तुमच्याआमच्यावर जास्त परिणाम करते, हे मुंबईत आधीच दिसलं होतं. १९५९ च्या नानावटी खटल्यात 'ब्लिट्झ' साप्ताहिकाने आरोपीची बाजू अशी काही लावून धरली, की ज्यूरीने आठ विरुद्ध एक मतांनी त्याला निर्दोष ठरवलं. उच्च न्यायालयाला तो निर्णय फिरवावा लागला. खून करायला कुणी वर्तमानपत्र वाचून गेलं नव्हतं. निवाडा मात्र वर्तमानपत्र वाचून झाला, असं पुष्कळांचं मत पडलं.

चित्रपटांचं पाहावं तर आपल्या प्रकरणात क्रमच उलटा आहे. आधी खून झाले, मग चित्रपट आले. ही रीतही जुनीच. मुंबईत जानेवारी १९२५ मध्ये बावला खून प्रकरण घडलं आणि त्याच वर्षी त्यावर 'कुलीन कांता' हा मूकपट निघाला. जोशी-अभ्यंकर प्रकरणावर राजदत्तांचा 'माफीचा साक्षीदार' १९८६ मध्ये आला. नाना पाटेकरांनी त्यात म्होरक्याचं काम केलं. त्याआधी मुनव्वर शहाने 'येस, आय अ‍ॅम गिल्टी' हे आत्मकथन तुरुंगात लिहिलं होतं. पुढे अनुराग कश्यप यांनी याच घटनांवरून स्फुरलेला 'पाँच' केला, आणि तो परीक्षण मंडळाकडे अडकला. १९९१ च्या मार्गदर्शक तत्त्वांत एक कलम आहे, की गुन्हेगारांची कार्यपद्धती आणि गुन्ह्याला उत्तेजन देईल असं काही पडद्यावर दाखवू नये. 'पाँच'मधली हिंसा, अमली पदार्थ आणि भाषा यांवर आक्षेप निघाले. पुढे काटछाट होऊन तो सुटला, तरी पैशाच्या अडचणींमुळे दोन दशकं चित्रपटगृहांचं तोंड त्याला दिसलं नाही.

गंमत पाहा. पुस्तक लिहिलं ते मारेकऱ्याने. चित्रपटाचं नाव पडलं ते साक्षीदारावरून. कॅमेरा सगळीकडे मारणाऱ्यांच्या पाठीमागून चालतो. त्यात दिग्दर्शकांचा दोष आहे असं मी म्हणणार नाही. गोष्ट घडवतो तो मारणारा, मरणाऱ्याला गोष्टीत करण्यासारखं काही उरत नाही. पण याचा परिणाम असा, की त्या चौघांचे चेहरे लोकांना ठाऊक आहेत आणि दहा जणांचे नाहीत.

अलीकडे पोलिसांच्या पत्रकार परिषदेत हमखास एक वाक्य असतं, की आरोपीने अमुक मालिका किंवा अमुक चित्रपट पाहून कट रचला. खरंही असेल. पुरावा कसा लपवावा, फोन कुठे टाकावा, ही तऱ्हा पडद्यावरून उचलता येते. हेतू उचलता येत नाही; तो घरचाच असतो. बातमीत मात्र तऱ्हाच मथळ्यात जाते आणि जमिनीचा वाद, कर्ज, संशय हे खालच्या परिच्छेदात राहतं.

आणि पुण्यात आता आणखी एक बदल झाला आहे. गुन्ह्याचं चित्रण करणारा वेगळा आणि गुन्हेगार वेगळा, ही वाटणी राहिलेली नाही. हातात कोयता घेऊन, गाणं लावून स्वतःचीच चित्रफीत काढणारी पोरं आली. २०२२-२३ च्या सुमारास 'कोयता गँग' हा शब्द मथळ्यांत आला. ऊस तोडायचं, नारळ फोडायचं हत्यार. एकमेकांना न ओळखणारी, वेगवेगळ्या वस्त्यांतली टोळकी. आणि मथळ्याने त्या सगळ्यांची एकच गँग करून टाकली. जोशी-अभ्यंकरच्या वेळी दोन शब्दांत न मावणारे बाहेर राहिले होते. या वेळी दोन शब्दांत सगळ्यांनाच कोंबलं. एखाद्या सोळा वर्षांच्या पोराला आपण एका नामांकित टोळीचे सभासद आहोत असं वाटायला हे पुरेसं आहे. प्रसिद्धीचा गुन्हेगारावर परिणाम होतो का, या प्रश्नाला इथे मात्र मी 'होतो' असंच उत्तर देईन, कारण इथे गुन्ह्याचा मोबदलाच प्रसिद्धी आहे. १९७६ च्या त्या पिंपातल्या प्रेताशी ताडून पाहा. तेव्हा कुणाला कळू नये ही धडपड होती.

फेब्रुवारी २०२४ मध्ये पुणे पोलिसांनी शहरातल्या दोनशेहून अधिक सराईत गुन्हेगारांना आयुक्तालयात बोलावून रांगेत उभं केलं आणि रील टाकाल तर खबरदार, असं बजावलं. त्या परेडच्या चित्रफिती त्याच दिवशी सगळ्यांच्या मोबाइलवर फिरल्या.

भांडारकर रस्त्यावरच्या त्या बंगल्यात मारले गेलेले काशिनाथशास्त्री अभ्यंकर कोण होते, हेही सांगायला हवं. पतंजलीचं व्याकरण महाभाष्य मराठीत आणणाऱ्या वासुदेवशास्त्री अभ्यंकरांचे ते चिरंजीव. त्या भाषांतराचा प्रस्तावना खंड त्यांनी लिहिला. संस्कृत व्याकरणातल्या पारिभाषिक शब्दांचा त्यांनी एकहाती केलेला इंग्रजी कोश बडोद्याच्या प्राच्यविद्या संस्थेने १९६१ मध्ये प्रसिद्ध केला. पाणिनी शिकणारा देशातला आणि परदेशातला विद्यार्थी आजही अडला की तो कोश उघडतो. त्याची सुधारून वाढवलेली दुसरी आवृत्ती निघाली ती १९७७ मध्ये, म्हणजे पुण्याची वर्तमानपत्रं जक्कलच्या अटकेच्या बातम्या छापत होती त्याच वर्षी.